जित्या अंबूचा कडू घास

मंगळवार, १८ नोव्हेंबर

येते म्हणून सांगायचं आन् मग फोनच उचलायचा न्हाय, ही कुठली रीत? दिवाळीच्या पाडव्याला अंबू म्हणली, माय, औंदा येळवशीला मी शेतात असणार, तिकीट काढते. येळवस म्हणजे आमचा रानातला सण, मार्गशीर्षातल्या अवसेचा. एवढ्या वरसांनी नात येणार म्हणून म्या गल्लीत सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, दवाखान्यात लाइनीत बसलेल्या बायांना सांगितलं. आता फोन लावला की तिकडं नुसता वाजतो.

सुमन म्हणली, "आत्या, शूटिंग असंल वो तिचं." सून माझी गरीब हाय, कुणाचं वाईट तिच्या मनात येत न्हाय. म्या म्हणलं, शूटिंग असलं तरी जेवती का न्हाय ती? तोंडात घास जातो तर तोंडातनं शब्द का निघत न्हाय?

ही डायरी खताच्या दुकानदारानं दत्ताला दिलेली. लेकाचं अक्षर त्याचं त्यालाच लागत न्हाय, म्हणून कोरी पडली होती. डॉक्टर म्हणला, मावशी, शुगरची गोळी घेतली का ते रोज लिहून ठेवा. एका गोळीला एवढं मोठं पान. उरलेल्या जागेत बाकीचं लिहिते. चौथीपर्यंत शिकले, जोडाक्षरं आपापल्या मनानं येतात.

गोळी घेतली. उद्यापासून नुसतं गो. लिहीन.

गुरुवार, २० नोव्हेंबर

गो. फोन न्हाय.

सुमननं मोबाईलवर अंबूची मालिका लावून दिली. टोरांटोतला मोठा दवाखाना दाखवतात, अंबू त्यात नर्स. सात वरसं त्याच दवाखान्यात, आजून मोठी नर्स केली न्हाय तिला. मला इंग्रजी कळत न्हाय पण माणूस कळतं. तो टकला डॉक्टर लबाड हाय, पहिल्याच दिवशी म्या सुमनला सांगितलं होतं.

आजच्या भागात अंबू रडली. ते रडणं बघून मी हसले. तोंडाला पदर न्हवता पण हात तसाच धरला, मान डावीकडं टाकली, आन् मधीच थांबून बघितलं, कुणी बघतंय का. हुबेहूब धुरपदा! माझी जाऊ, लोहाऱ्याला असती, रडण्यात तिचा हात कुणी धरणार न्हाय. अंबू लहान असताना भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडात तिची नक्कल करायची. धुरपदा झाली की येष्टीचा कंडक्टर, कंडक्टर झाला की मी. माझी केली की मार खायची. तिकडची लोकं त्याचंच कौतुक करतात.

रविवार, २३ नोव्हेंबर

मधली खोली रिकामी केली. बियाणं, पाइप, फवारणीचा पंप, सगळं बाहेर. दत्ता कुरकुरला, "आई, ती यायचं पक्कं तर होऊ दे." म्या म्हणलं, तुझं काय पक्कं हाय रे आजपतोर?

तिचा लग्नातला फोटो पुसला. नवऱ्याबरोबर गेली तिकडं, इंजिनेर होता. पुढं दोघं येगळे झाले. कुणी कुणाला सोडलं ते म्या विचारलं न्हाय, तिनं सांगितलं न्हाय. म्या म्हणलं, ये माघारी. तर म्हणली, "माय, मला इथं टीव्हीत काम मिळालंय." कसलं, तर मढ्याचं! पोलिसांच्या मालिकेत नदीकाठी पडून राहायचं, दिवसभर, थंडीत. म्या म्हणलं, पडून राहायला येवढ्या लांब गेलीस व्हय, इथं काय जागा न्हवती? मढ्यावरनं दुकानातली बाई झाली, मग टॅक्सीवाल्याची बायको. त्या बायकोला दोनच शब्द होते, येस आन् नो. नो लई चांगलं म्हणायची. मग नर्स.

नाव मात्र मोडलं. तिकडच्यांना अंबिका म्हणता येत न्हाय म्हणं, म्हणून पडद्यावर अँबी. एवढी मोठाली मशिनं चालवतात आन् तीन अक्षरं जिभेवर बसत न्हाईत.

गो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

गो. उशिरा.

पाण्याच्या टाकीपाशी शेजारीण म्हणली, "काय आज्जी, आली का तुमची हिरोईन?" म्या म्हणलं, "येईल तवा तुझ्या दारावरनंच नेते. चष्मा लावून बस."

संध्याकाळी फोन आला. तिनंच केला. "माय, बरी आहेस ना? जरा कामात आहे गं, नंतर बोलते." एवढंच, आन् ठेवला. तिकीट काढलं का, कवा निघणार, काही न्हाय. आवाज बसलेला. सर्दीनं बसतो तसा न्हाय, रडून बसतो तसा. सुमन म्हणली, सर्दीच असंल. हिला सगळ्याला सर्दीच दिसती.

रविवार, ३० नोव्हेंबर

काल लिहिलं न्हाय. गोळीबी घेतली न्हाय. आज आठवंल तसं लिहिते.

काल दुपारची वेळ. मी वट्ट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. दारात जीप थांबली. त्यातनं आधी रडणं उतरलं, मग धुरपदा, मागनं भावकीतल्या बाया. एकीच्या डोक्यावर टोपलं, वरनं फडकं बांधलेलं. धुरपदा सरळ माझ्या गळ्यात. "कशी गं गेली माझी बाई, परमुलखात गेली गं, तोंडसुदिक बघायला मिळालं न्हाय गं..."

म्या म्हणलं, "कोण?"

"अंबू गं!"

शेंगांचं सूप मांडीवर होतं. ते खाली ठेवल्याचं मला आठवत न्हाय. नंतर बघितलं तर नीट ठेवलेलं होतं, एक शेंग सांडली न्हवती.

झालं होतं ते असं. पुण्याच्या पुतण्यानं भावकीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. दवाखाना, खाट, खाटेवर अंबू. तिच्या तोंडावरनं पांढरी चादर ओढतात, बाजूच्या नर्सा रडतात. पोरानं खाली काय लिहिलं ते इंग्रजीत. उमरग्याच्या कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकलं आन् 'भावपूर्ण श्रद्धांजली'. एकानं टाकलं की भावकीत कुणी विचारत बसत न्हाय, कवा गेली, कशानं गेली. ज्यानं त्यानं टाकलं. कुणी फूल टाकलं, कुणी दिवा. न टाकणाऱ्याला उद्या नावं ठेवतील, म्हणून तोबी टाकतो. आमचा मोबाईल सकाळपासून बंद पडलेला. धुरपदाला तिच्या सुनंनं दाखवलं आन् ती थेट पीठ मळायला बसली.

टोपल्यात कडू घास होता. माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत न्हाय. भावकीनं पिठलं-भाकरी करून आणायची आन् घरच्यांना बळंबळं खाऊ घालायची.

सुमननं मोबाईल चालू करून अंबूला लावला. वाजला, वाजला, बंद झाला. तिकडं रात असंल हे तवा कुणाच्या डोक्यात येतंय? परत लावला. सुमन रडायला लागली. म्या म्हणलं, "व्हिडिओ लाव."

"नका बघू आत्या."

"लाव म्हणते ना."

बघितला. परत लावायला लावला, परत बघितला. मेलेलं माणूस म्या पाहिलेलं हाय. भूकंपात आमच्या गल्लीतले रांगेनं निजवले होते, त्यात माझी लेक शकू होती, अंबूची आई. अंबू तवा माझ्या कडेवर. मेलेल्या माणसाचं तोंड असं राहत न्हाय. हिचं तोंड झोपेचं सोंग घेतलेल्या पोरीचं. आन् पोटावर चादर हलायली होती.

"जित्ती हाय," म्या म्हणलं. "श्वास घेती बघ. आजून धड मढं करता येत न्हाय हिला."

धुरपदा म्हणली, "अगं पण सगळ्यांनी श्रद्धांजली दिली की!"

"सगळ्यांनी दिली म्हणून मरायचं व्हय तिनं?"

बोलले खरं. पण सुमनला परत फोन लावायला लावला. मालिका हाय हे कळत होतं, आन् फोन येईपर्यंत कळतबी न्हवतं. तो बसलेला आवाज कानात होता.

दिवे लागायच्या वेळेला तिचा फोन आला. "माय? एवढे मिस्ड कॉल? काय झालं?"

म्या म्हणलं, "तू मेलीस म्हणून धुरपदा आलीया. बोल तिच्याशी."

धुरपदानं फोन कानाला लावला आन् परत रडली. ह्या बारीला सुरात न्हाय.

आता टोपल्याचं काय करायचं? ते वट्ट्यावर तसंच. कुणी हात लावंना. कडू घास दारात आला की माघारी नेत न्हाईत. खावा, तर अंबूचं मरण आमी मानल्यासारखं. सुमन म्हणली म्हशीला घालू. धुरपदा खेकसली, "जनावराला? घास कुणाच्या नावाचा हाय तो!" बाया एकमेकींच्या तोंडाकडं बघायल्या.

म्या टोपलं पुढं ओढलं. फडकं सोडलं. म्हणलं, "शकू गेली तवा तिचा कडू घास कुणी आणला न्हाय. आणायला कोण उरलं होतं? मदतीच्या ट्रकपाशी ताटल्या घेऊन उभं राहिलो आपण. हा तिचा हाय. उशिरा आला."

आन् भाकरी मोडली.

धुरपदा बघत राहिली. मग खाली बसली आन् एक तुकडा तिनं घेतला. तिचा थोरला त्याच पहाटे गेलेला. आमी दोघी जावा खात बसलो. कुणी रडलं न्हाय. पिठलं खारट झालं होतं, तसं म्या तिला सांगितलं.

सोमवार, १ डिसेंबर

गो.

अंबूनं आज उलगडून सांगितलं. मालिका लिहिणाऱ्यांनी तिला मारलं. ट्रकखाली. पाडव्यानंतर लगेच तिला सांगितलं होतं.

"म्हणजे कामावरनं काढलं."

"इथं असं म्हणत नाहीत माय. इथं म्हणतात, गोष्ट पुढं गेली."

"गोष्ट पुढं गेली आन् तू मागं राहिलीस."

लई हसली. मग म्हणली, "तुला काय तोंड दाखवू असं झालं होतं. म्हणून तिकीट काढलं नाही आणि फोन उचलला नाही."

म्या म्हणलं, "तोंड कसलं दाखवायचं? चादरीखालचंबी बघून झालंय माझं."

आन् म्हणलं, ठेव, धार काढायचीय. धार दत्ता काढतो. तिला ठाऊक हाय.

शुक्रवार, ५ डिसेंबर

गो.

अंबू येणार. कायमची! सोळा तारखेचं तिकीट काढलं, सुमनला मोबाईलवर पाठवलं. "माय, पुरे झालं. सात वर्षं दुसऱ्यांच्या गोष्टीत ट्रे धरून उभी राहिले. आता तुझ्याजवळ राहते." म्या म्हणलं, ये.

दिवसभर हात हलका होता. म्हशीलाबी रागावले न्हाय. गोधडीला नवी खोळ शिवायला टाकली.

संध्याकाळी भाकरी थापताना तिचा आवाज आठवला. यायला निघालेल्याचा आवाज असा नसतो. शाळेत गॅदरिंगच्या नाटकात घेतलं न्हाय की अशीच यायची, दप्तर टाकायची आन् म्हणायची, मला करायचंच न्हवतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

गो.

धुरपदाचा फोन. "ज्याच्या नावानं कडू घास दारात आला, त्यानं स्वतः उंबऱ्यावर उभं राहून भाकरतुकडा ओवाळून घ्यायचा असतो. न्हायतर ते तसंच राहतं. मग तुळजापूरला नेऊ तिला, देवीची ओटी भरू." म्या म्हणलं, घास शकूचा होता, खाल्ला, मिटलं. "तू काहीबी म्हण, मी लोहाऱ्याहून निघाले ती अंबूच्या नावानं." तिचंबी खरंच हाय.

मी असलं मानत न्हाय. पण ती आली की ओवाळीन. ओवाळायला काय लागतंय, भाकरी घरचीच हाय.

जेवताना दत्ता म्हणला, "आई, ती इथं येऊन करणार काय?" सुमन म्हणली, पुण्या-मुंबईकडं मालिका असतात की. दत्ता म्हणला, "छत्तिशीत नवी नटी कोण घेतंय? तिकडं नाव झालं ते तिकडं. इथं तिला कोण वळखतंय?" म्या त्याला ताटावर बोलले. बोलले म्हणून खोटं होत न्हाय.

शनिवार, १३ डिसेंबर

गो.

अंबूचा फोन, सकाळीच. "माय, रागावू नको. मी तुझी नक्कल केली."

कुठं, तर नव्या मालिकेवाल्यांसमोर. यायच्या आधी शेवटचं म्हणून गेली होती म्हणं. गोष्ट अशी हाय, एक बाई खेड्यातनं त्या थंड मुलखात जाती, खानावळ घालती, येईल त्याला शिव्या देती आन् पोटभर जेवू घालती. मुख्य काम त्या बाईचं. अंबूनं इंग्रजी कागद वाचून दाखवला, समोरची लोकं जांभया द्यायली. मग तिला काय सुचलं, कागद खाली ठेवला, कमरेवर हात ठेवला आन् मराठीत सुरू केलं, मी दत्ताला बोलते तसं.

"काय बोललीस?"

"'भाकरी गार झाल्यावर गिळायला कोण येणार हाय, तुझा सासरा?' तिथून पुढं सगळं."

एक अक्षर त्यांना कळलं न्हाय. हसून हसून बेजार झाली म्हणं. मग त्यांतली एक बाई डोळे पुसायली. तिला तिची आजी आठवली. ती बाई कुठल्या मुलखातली आन् तिची आजी कुठली, कुणास ठाऊक.

म्या म्हणलं, "माझं तोंड परमुलखात विकायला काढलंस व्हय?"

"तुझं तोंड फुकट आहे माय, म्हणून तर परवडतं."

निर्लज्ज. पण आवाज सुटला होता. बसलेला आवाज कुठं गेला ते तिचं तिलाबी कळलं नसंल.

त्यांनी सतराला परत बोलावलंय. म्हणून तिकीट बावीसला ढकललं.

"आन् येळवस?"

"हुकली गं. पण बावीसला निघते. तोपर्यंत त्यांचा नकार येईलच."

नकार येईलच, हे म्हणताना पोर किती भीतभीत म्हणली.

मंगळवार, १६ डिसेंबर

गो.

आज निघाली असती.

त्याऐवजी व्हिडिओ कॉलवर माझी परीक्षा घेतली. उद्या त्यांना करून दाखवायचंय. "माय, राग आला की तू आधी बोलतेस की आधी भांडं आपटतेस?" म्या म्हणलं, भांडी आपटणारी सुमन, तीबी नवी होती तवा. मी आधी गप बसते. "गप बसल्यावर हात काय करतात?" म्या म्हणलं, हात काय करणार, हात हातासारखे. व्हिडिओत तीच म्हणली, "बघ, बघ खाली." बघितलं तर पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. जन्म गेला, मला हे ठाऊक न्हवतं.

"आणि माणूस आवडलं की?"

"आवडलं की काय? जेव म्हणते."

"तेच म्हण. म्हण एकदा."

"जेव."

तिकडनं ती म्हणली, "जेव." माझ्याच आवाजात. अंगावर काटा आला. दोनदा म्हणायला लावलं. जे चांगलं हाय ते चांगलं हाय. धुरपदासारखी नक्कल न्हाय ही. ह्यात हसायला येत न्हाय.

तिला तसं म्हणलं न्हाय. म्हणलं, 'जे' जरा लांब कर.

शुक्रवार, १९ डिसेंबर. येळवस.

गो. शेतात घेतली.

गाव सकाळीच ओस पडलं. सगळे रानात. दत्तानं कडब्याची कोप, पूजेचं खोपटं, चांगली केली, मागच्या वरशी एका बाजूला कलली होती. पाच दगडांचे पाच पांडव मांडले, चुन्यानं रंगवले, पुजले. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. सुमनची आंबील औंदा जमली. धुरपदा आली, बरोबर तिच्या लेकी, जावई. दत्ता आंबील शिंपडत शाळूला फेरी घालायला गेला, ओलगे ओलगे ओरडत. कानडीतनं आलेलं हाय ते, अर्थ कुणाला ठाऊक न्हाय, ओरडतात सगळे. अंबूसारखा खणखणीत आवाज कुणाचा निघाला न्हाय.

पंगत बसली आन् अंबूचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं मध्यरात. म्हणली, झोपच येईना. आधी म्हणली कोप दाखवा, पांडव दाखवा, भज्जी जवळनं दाखवा. सुमन फोन घेऊन फिरली. मग म्हणली, "माय कुठंय?"

"माय, मला घेतलं. मुख्य काम. पाटीवर पूर्ण नाव लावणार, अंबिका."

धुरपदानं टाळ्या वाजवल्या. दत्ता ओरडला. मीबी हसले असंन.

मग तिनं बाकीचं सांगितलं. काम दुसऱ्या समुद्राकाठच्या शहरात. पाच वरसांचं बांधून घेतात. तयारी सोमवारपासूनच, म्हणजे बावीसच्या विमानात बसायचं न्हाय. मधी सुट्टी कवा, ते त्यांनी सांगितलं न्हाय. आन् विमानात बसली तर हे काम गेलं, ते दुसरीला देतील. सोमवारच्या आत कळवायचंय.

"तिकीट अजून मोडलं नाही मी. माय, तू सांग. तू ये म्हणलीस तर येते. मला वाईट वाटणार नाही, खरंच. तू म्हणशील तसं."

सगळी पंगत माझ्या तोंडाकडं.

"भज्जी गार व्हायली," म्या म्हणलं, आन् फोन दत्ताला दिला.

मागनं ऐकू आलं, "रविवारी सकाळी करते. मायला सांगा विचार करून ठेव म्हणून."

धुरपदा कोपीत माझ्यामागं आली. "ये म्हण की बाई. एका शब्दाचं काम हाय. पाच वरसांनी तू असशील का?"

म्या म्हणलं, "मी असंन का न्हाय ते बघायला तू तरी असशील का?"

हसली. मग म्हणली, "माझा थोरला असा फोन करून विचारत असता ना, येऊ का म्हणून, मी चप्पल न घालता आणायला गेले असते."

म्या तिच्या ताटात आणिक एक उंडा वाढला.

शनिवार, २० डिसेंबर

गो.

कालची आंबील उरली, गल्लीत वाटली. सुमननं दोनदा विचारलं, बरं वाटत न्हाय का? बरं वाटतंय.

डोकं चालवून बघितलं. ये म्हणलं तर येती. म्हणलं आन् आली, एवढं सोपं हाय. मधल्या खोलीत राहील, मला वेळेवर गोळी देईल, संध्याकाळी वट्ट्यावर बसून गल्लीतल्या बायांना हसवील. लई हसवील. आन् एक दिवस सुमनच्या मोबाईलवर ती मालिका लागंल, खानावळवाली दुसरीच कुणीतरी असंल, आन् अंबू म्हणंल, मला करायचंच न्हवतं.

जा म्हणलं तर जाती. पण मग मायनं धाडलं म्हणून गेली. तिकडं एखाद्या दिवशी बर्फात उभी राहून म्हणंल, मला ठेवून घ्यायला कुणी न्हवतं.

म्हणजे ये म्हणलं तर माझ्यासाठी आली, जा म्हणलं तर माझ्यामुळं गेली. दोन्हीत तिचं तिनं काय केलं?

दत्ता म्हणतो, राहू दे तिकडंच, नाव होईल. सुमन म्हणती, येऊ द्या, आत्या, तुमाला बरं वाटंल. धुरपदा सकाळपासून दोनदा फोन करून बसली, भाकरतुकडा, उंबरा, देवी. ज्याला त्याला माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय. मला काय पाहिजे ते मला ठाऊक हाय. ते मी इथंबी लिहीत न्हाय.

फोनवर बसले तर लपणार न्हाय. आठवडाभर माझा आवाजच घोटायली ती. नुसतं हॅलो म्हणलं तरी तिला कळंल.

सुमनला सांगितलंय, पण ती ऐनवेळी हळवी होती, म्हणून लिहून पान उघडं ठेवते, फोनपाशी.

सुमन, उद्या फोन वाजला की तू उचलायचा. दत्तानं न्हाय, धुरपदा आली तर तिनं तर न्हायच. मी गोठ्यात असंन, हाक मारायची न्हाय आन् फोन घेऊन माझ्यामागं यायचं न्हाय. ती विचारंल, माय काय म्हणली? सांग, काही म्हणली न्हाय. रडली तर रडू दे, तू रडू नको. म्हणावं, येऊ का जाऊ हे मायला विचारायचं न्हाय. जबाब अंबिकानं द्यायचा. आधी त्या लोकांना, मग आमाला.